समुद्रापलीकडचा होकार

"बाबा, आजच्या दिवस तरी शाळेत जाऊन राहा," वृंदा मयेकर फोनवर तिसऱ्यांदा सांगत होती. हर्णैहून वडलांचं एकच उत्तर होतं: समुद्रात गारवण्या आहेत ना, मग वादळाची कसली भीती? त्यांचंही चुकीचं नव्हतं. गेल्या चार वर्षांत कोकणात एकही चक्रीवादळ धडकलं नव्हतं.

गारवणी हे कोळ्यांनी दिलेलं नाव. सरकारी कागदांत ती शीतननौका होती, खोल समुद्रातलं थंड पाणी वर ओढणारा तरंगता पंप. कोमट पाण्यावर वादळ पोसतं. ते पाणी गार केलं की वादळ मलूल होतं. अशा सहा हजार गारवण्या भारत आणि मोझांबिकने मिळून सोडल्या होत्या. पण एका बाजूचं पाणी गार केलं की दुसऱ्या बाजूचा पाऊस घटायचा. म्हणून दुसऱ्या देशाच्या होकाराशिवाय पंप सुरूच होत नसत.

रत्नागिरीच्या संयुक्त शीतन केंद्राची वृंदा प्रमुख होती. वादळ वीस तासांवर होतं आणि पंपांना अठरा तास लागत. होकार मिळवायला हातात जेमतेम दोन तास होते.

पडद्यावर मोझांबिकच्या मापुतो केंद्राची प्रमुख फिलोमेना माचावा आली. ती पुण्यात शिकलेली, वृंदाला ताई म्हणायची. तिच्याकडे मक्याच्या पेरण्या तोंडावर आल्या होत्या. पण वृंदाची जीभ जड झाली ती त्यामुळे नव्हे. फेब्रुवारीत वादळ मोझांबिकवर चालून आलं होतं आणि होकार मागायची पाळी फिलोमेनाची होती. होकाराची कळ वृंदाच्याच टेबलावर होती, तरी तिने रीतसर फाइल वर पाठवली. फाइल शेरा घेऊन परत आली: ‘चर्चा करावी’. कुणी कुणाशी करावी, हे कुणी विचारलं नाही. आपल्या अंगाशी नको म्हणून वृंदाही गप्प राहिली. होकार गेला अकरा तासांनी. तोवर फिलोमेनाचं गाव पाण्याखाली गेलं होतं आणि तिचा भाऊ शेवटपर्यंत सापडला नाही.

"मागायला तोंड नाही मला," वृंदा म्हणाली. "तरी मागतेय."

किनाऱ्यावर माणसं किती, एवढंच फिलोमेनाने विचारलं. वृंदाने आकडा सांगितला, वडील तिथेच आहेत हेही लपवलं नाही. चौथ्या मिनिटाला होकार आला.

"मंत्र्यांना विचारलंस?" वृंदाने विचारलं.

"नाही. ते नको म्हणाले असते."

दुसऱ्या दिवशी हर्णैला नुसता वारा सुटला. मी सांगत नव्हतो का, म्हणून वडलांनी फोनवर वृंदाची थट्टा केली. तिला मात्र हसू आलं नाही.

पुढचे तीन आठवडे मोझांबिकमध्ये थेंब पडला नाही. पेरलेलं करपलं आणि फिलोमेनाला पदावरून काढलं. खुर्ची सोडण्यापूर्वी ती एकदा पडद्यावर आली. वृंदाने माफी मागितली, ती तिने हातानेच थांबवली.

"ताई, गावातले लोक मला विचारतात, तिकडे आपलं कोण आहे? तुझा भाऊ गेला तेव्हा ते कुठे होते? मी काय सांगू त्यांना?"

माझं नाव सांग, असं वृंदाच्या ओठांवर आलं होतं. पण पुढच्या वेळी कुणालाही न विचारता ती कळ दाबायची छाती आपल्याला होईल का?