बारा माणसांचं वजन

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तलावातली सहलीची नाव काठापासून साठ मीटरवर उलटली. वारा नव्हता. पाणी सपाट होतं. नऊ जणांना दुसऱ्या नावांनी बाहेर काढलं. एक नणंद आणि तिची भावजय बुडाल्या. नावाडी पोहत काठाला आला आणि तिथेच बसून राहिला. सहा वाजता पोलिसांनी त्याला चौकीत नेलं.

नावेच्या मागच्या फळीवर पत्र्याची पाटी होती. 'क्षमता : १२ माणसं, नावाडी धरून.'

मंगळवारी सकाळी दहाला मोठ्या साहेबांनी सर्वेक्षक बाईंना खोलीत बोलावलं. कुठल्या नावेत किती जण बसवायचे हे ठरवणारं ते कार्यालय. मोठे साहेब त्याचे प्रमुख. बाई तिथल्या दोन सर्वेक्षकांपैकी एक. टेबलावर त्याच नावेची फाईल उघडी होती. गेल्या वर्षीच्या तपासणीखाली सही बाईंची होती.

"अहवाल तुम्हीच लिहा," साहेब म्हणाले. "नाव बाराला पास आहे. बारानं ती उलटत नाही. म्हणजे बारापेक्षा जास्त होते."

"नावाडी बाराच म्हणतो."

"मग काय, चौदा होते म्हणेल? आपल्याच पायावर धोंडा कोण मारून घेईल?"

"आणि माझी तपासणी चुकली असेल तर?"

"नाही चुकली. पोती पंचाहत्तर-पंचाहत्तर किलोची आहेत. हवं तर वजन करून बघा. तुमच्या सहीला मी धक्का लागू देणार नाही."

बाईंनी फाईल उचलली. दारापर्यंत जाताना त्यांना काहीतरी खटकलं. काय, ते कळेना.

चौकीत नावाडी अंगावर सुकलेल्या कपड्यांतच होता. फौजदार शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होते.

"किती जण होते?" बाईंनी विचारलं.

"अकरा. आणि मी."

"मोजले होतेस?"

"दोनदा. बारावा एक येत होता. त्याचा मित्र म्हणाला, घे रे, बारीक आहे तो. मी म्हटलं, बारीक असो नाहीतर जाडा, पाटीला सगळे सारखेच. नाही घेतला."

"मग काय झालं?"

"डाव्या अंगाला पाणकावळे उठले. सगळे तिकडे झुकले. उभं कुणी राहिलं नाही, नुसते झुकले. नाव कलली, ती परत आलीच नाही."

"यायला हवी होती?"

नावाड्यानं पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "बाई, तुम्हीच तपासलीत ना? तुमची ती वाळूची माणसं, बाराच्या बारा एका अंगाला ठेवली होतीत. मी धक्क्यावर उभा होतो. नाव हलली पण नाही."

फौजदारांनी बाईंना बाहेर आणलं. "वाचलेल्यांना विचारून दमलो, मॅडम. एक म्हणतो बारा, एक म्हणतो चौदा. एकीनं सांगितलं, मोजायला मी काय कंडक्टर आहे? पाणबुडे तळ धुंडाळतायत. तेरावा मिळाला की याची सुटका नाही."

"आणि नाही मिळाला तर?"

"तुमच्या साहेबांचं पत्र आहेच माझ्याकडे. बारानं नाव उलटत नाही, असं लेखी. दोन जीव गेलेत, मॅडम. दहा वर्षांसाठी आत जाईल हा."

बाकावर नावाड्याची बायको कोरड्या कपड्यांची पिशवी घेऊन बसली होती. "ताई, ते मोजण्यात चुकणारे नाहीत," ती म्हणाली. "कपडे वाळत घालताना चिमटेसुद्धा मोजून घेतात. मला वीट येतो त्याचा." मग तिनं पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा मारली.

बाईंनी ठरवलं, तीच नाव पुन्हा तपासायची. साहेबांनी अडवलं नाही. "कशाला वेळ घालवताय?" एवढंच म्हणाले.

तपासणीची रीत जुनी होती. वाळूनं भरलेलं पंचाहत्तर किलोचं एक पोतं म्हणजे एक प्रवासी. कार्यालयात त्याला पोतं कुणी म्हणतच नसे. 'माणूस' म्हणत. 'चार माणसं आण', 'फाटलेला माणूस बाजूला ठेव', असं सर्रास चाले. नवा आलेला आठवडाभर हसायचा, मग तोही तसंच बोलू लागायचा. सगळी माणसं नावेच्या एकाच अंगाला रचायची. त्या अंगाची कड पाण्याच्या वर निदान पंधरा सेंटिमीटर राहिली, तर नाव तेवढ्यांना पास.

गेल्या वर्षीची नोंद बाईंच्या अक्षरात होती. 'रिकामी नाव, कड ४५ सेंमी. डावीकडे १२ माणसं, कड १८ सेंमी. नाव स्थिर.'

बुधवारी अकरा वाजता नाव धक्क्याला लागली. बाईंनी आधी ती आतून-बाहेरून पाहिली. तडा नव्हता, कुठे पाणी मुरलेलं नव्हतं, बाकं होती तिथेच होती. रिकाम्या नावेची कड मोजली. पंचेचाळीस. गेल्या वर्षीइतकीच.

कार्यालयाचे दोन हमाल एकमेकांचे साडू. दोन वर्षांपूर्वी एकाच दिवशी लागलेले. थोरल्यानं सवयीनं पहिला माणूस मिठीत घेतला, गुडघ्यापर्यंत उचलला आणि खाली ठेवला.

"आई गं! माणसं बाळसं धरून आली की!"

"वय झालं तुझं," धाकटा म्हणाला. "सांगतो थांब तुझ्या बायकोला."

"तुझ्या बायकोची बहीण आहे ती. तिला सगळं आधीच माहीत असतं. तू उचल ना, पैलवान!"

धाकट्यालाही उचलेना. मग दोघांनी एकेक टोक धरलं आणि धापा टाकत माणसं चढवायला सुरुवात केली.

सातव्याला कड सतरावर आली. आठव्याला तेरा. अकराव्याला कड आणि पाणी यांच्यात जेमतेम एक सेंटिमीटर उरला.

"थांबा," बाई म्हणाल्या.

बारावा माणूस धक्क्यावरच राहिला. बाईंनी त्याचं वजन करायला लावलं. पंचाहत्तर. मग नावेतली अकरा उतरवून एकेक काट्यावर ठेवली. नऊ पंचाहत्तरची भरली, दोन शहात्तरची. साहेब म्हणाले होते ते खरं होतं.

बाई पोत्यांशेजारी उकिडव्या बसल्या. कडेची शिवण जुन्या, काळपट सुतळीची होती. तोंडं मात्र पांढऱ्या नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेली. दोऱ्यावर धूळसुद्धा नव्हती.

"काका, तोंडं कधी शिवलीत?"

पोत्यांचं भांडार सांभाळणारे काका काट्याशी उभे होते. ते चष्मा पुसू लागले. "मी नाही शिवली."

"किल्ली तुमच्याकडेच असते."

"सोमवारी सकाळी आठला साहेबांनी मागून घेतली. दुपारी परत दिली."

"कशासाठी?"

"विचारलं नाही." काकांनी चष्मा लावला. "बाई, चार महिन्यांत मी निवृत्त होतोय."

परतताना बाई इमारतीच्या मागून गेल्या. कुंपणाच्या भिंतीसाठी आणलेला वाळूचा ढीग तिथे होता. एका बाजूनं तो खणून नेलेला होता. भिंतीची मात्र अजून एक वीटही लागली नव्हती.

शुक्रवारी सकाळी अकराला साहेबांच्या खोलीत पाच जण आले. बाई, फौजदार, काका, आणि दाराशी अंग चोरून उभे असलेले दोघे साडू.

"अहवाल झाला?" साहेबांनी विचारलं.

"झाला. पाण्यात तेरावा कुणी नाही. शोध थांबवला तरी चालेल," बाई म्हणाल्या. "नावेत बाराच होते. नाव सातांची होती."

"बाराला पास करणारी सही कुणाची आहे?"

"माझी. म्हणूनच तुम्ही अहवाल मला लिहायला दिलात. नावाडी दोषी ठरला की मी सुटते, म्हणजे मी नावाड्याच्याच मागे लागणार."

बाईंनी दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले.

"तीच नाव, रिकामी असताना तीच कड. गेल्या वर्षी बारा माणसांनी ती सत्तावीस सेंटिमीटर खाली गेली. परवा अकरांनीच चव्वेचाळीस. नाव बदललेली नाही. मग माणसं बदलली. परवाची माणसं पंचाहत्तर किलोची होती, मी स्वतः वजन केलंय. त्यावरून मागे जाऊन काढलं, तर गेल्या वर्षीचा माणूस बेचाळीस किलोचा निघतो."

"बेचाळीस?" फौजदार म्हणाले. "म्हणजे शाळेतलं पोर!"

"अशी बारा शाळेतली पोरं रचून मी नाव पास केली. हे दोघे साडू दोन वर्षं एकेकटे माणूस उचलत होते. परवा दोघांपैकी एकालाही एकट्यानं उचलेना. तेव्हा मी त्यांची गंमत ऐकली आणि हसले. तो पुरावा होता, हे मला संध्याकाळी कळलं."

"पोत्यांतून वाळू गळते, बाई," साहेब म्हणाले. "जुनी आहेत."

"गळलेली वाळू सोमवारी सकाळी परत आत कशी गेली? मागचा ढीग खणलेला आहे. तोंडं नव्या दोऱ्यानं शिवली आहेत. किल्ली तुमच्याकडे होती. रविवारी नाव उलटली, सोमवारी माणसं पंचाहत्तरची झाली. कुणी वजन केलंच तर बरोबर भरावं म्हणून. तीच नाव मी पुन्हा पाण्यात घालेन, हे तुमच्या मनात आलं नाही."

"हा सगळा तर्क आहे."

"एक गोष्ट तर्क नाही. मंगळवारी तुम्ही मला काय म्हणालात? 'पोती पंचाहत्तर किलोची आहेत.' मी पोत्यांबद्दल विचारलंच नव्हतं. आणि साहेब, या कार्यालयात त्यांना पोती कोण म्हणतं? मी अकरा वर्षं माणसंच म्हणतेय. म्हणून तर कधी वजन केलं नाही. माणूस म्हटला की आपण मोजतो, जोखत नाही. तुम्ही पोती म्हणालात, कारण आदल्या दिवशी तुम्ही ती भरली होतीत."

मग काका बोलले. कुणी विचारलं नव्हतं.

"तीन वर्षं झाली. चार हमालांचे दोन झाले तेव्हाची गोष्ट. जुने हमाल म्हणाले, एवढं ओझं आम्हा दोघांना दिवसभर झेपणार नाही. तपासण्या तुंबल्या. साहेब म्हणाले, एका माणसाला एक माणूस उचलता आला पाहिजे. थोडी थोडी वाळू काढा, कोण बघतंय? मीच काढली. सोमवारी भरताना मात्र त्यांनी मला बोलावलं नाही."

"काका!" साहेब म्हणाले.

"लिहून द्याल?" फौजदारांनी विचारलं.

"देतो."

साहेब खुर्चीत मागे टेकले. आवाज चढला नाही. "नावा तुंबल्या असत्या तर वरून मला विचारलं असतं, तुम्हाला नाही. तपासणीच्या दिवसांत रोज एक नाव व्हायला हवी होती. झाली. तक्रार एक आली नाही." ते बाईंकडे वळले. "त्या माणसांवर तुम्ही किती नावा पास केल्यात?"

"एकोणीस," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या सर्वेक्षकांनी चौदा. यादी तुमच्यासमोर आहे. पहिलं नाव मी माझं लिहिलंय."

धाकटा साडू हळूच थोरल्याला म्हणाला, "म्हणजे वय नव्हतं झालं तुझं." थोरला हसला नाही.

साहेबांना दुपारी चौकीत नेलं. काकांनी साडेतीन पानं लिहून दिली. नावाड्यावरची कलमं बदलण्याचा अर्ज गेला, पण त्यावर सोमवारीच सुनावणी होणार होती. तोवर तो आतच.

शनिवारी सकाळी बाई त्याला भेटल्या. नाव सातांची होती, तुझी चूक नव्हती, असं त्यांनी सांगितलं. त्यानं बोटांवर मोजलं.

"मला धरून सात?" त्यानं विचारलं.

"धरून."

"म्हणजे सहाच घ्यायचे होते. पाच जण काठावर राहिले असते. त्या दोघी शेवटी चढल्या होत्या, बाई. मीच हात दिला."

बाई कार्यालयात परतल्या आणि दुसऱ्या सर्वेक्षकांबरोबर फोनला बसल्या. उलटलेली सोडून बत्तीस नावा होत्या, वेगवेगळ्या तलावांवर, वेगवेगळ्या मालकांच्या. संध्याकाळी साडेपाचपर्यंत तीस नावा काठाला बांधल्याची खात्री झाली. दोन ठिकाणी फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता.