शेवटची खोली

११ फेब्रुवारी. सकाळी धुकं, दहानंतर ऊन. वारा समुद्राकडून, मंद.

शिरगणतीत माझ्या वाट्याला शहराचे चार भाग आले होते. तीन उरकले होते. टेकडीवरच्या बंगल्यांत कुत्री बोलली, माणसं नाही. पेठेत उलट. एक कापडवाला म्हणाला, "सासऱ्यांना पाहुणे म्हणून लिहा." सासरे आतूनच म्हणाले, "वीस वर्षं पाहुणाच आहे मी." गोदीमागच्या खोल्यांत दिवसपाळीची माणसं उठली की रात्रपाळीची त्याच अंथरुणात शिरत. तिथं नियम फार उपयोगी पडला: काल ज्यानं या घरात पाठ टेकली, तो या घरचा.

चौथा भाग बंदराच्या टोकाचा, जाळी विणणाऱ्यांचा. डांबराचा आणि ओल्या दोराचा वास. शेवटच्या खोलीबद्दल शेजारणीनं मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हातारी एकटीच असते. मुलाची होडी सहा वर्षांपूर्वी गेली ती परत आली नाही. चोवीस वर्षांचा होता.

म्हातारी उंबऱ्यावर बसून जाळं सांधत होती.

"मावशी, घरात माणसं किती?"

"दोन. मी आणि मुलगा."

"काल कुठं झोपला होता तो?" मी नियमाप्रमाणे विचारलं.

तिनं आत बोट दाखवलं. दोन खाटा होत्या. दुसरीवरची चादर चुरगळलेली, उशीत डोक्याएवढा खळगा. मी खळग्यात हात ठेवला. ओला होता, आणि गार. वर छप्पर कोरडं होतं.

मी बाहेर येऊन कागदावर 'एक' लिहिलं.

"दोन लिही गं बाई… कागदावरच नसला, तर त्यानं यायचं कुणाच्या घरी?"

"मला तसं लिहिता येत नाही, मावशी."

तिनं दोरा दातानं तोडला. "तुझ्या घरी किती?"

"एक. चार वर्षांपूर्वी दोन होतो. नवरा गेला."

"तो आकडा कुणी लिहिला?"

"मीच."

"म्हणून…" ती म्हणाली, आणि पुन्हा जाळ्यावर वाकली.

दारावर मी खडूनं १ काढला.

१४ फेब्रुवारी. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला.

कागदांवर अंगठे घ्यायला गेले. शेवटच्या खोलीला बाहेरून कुलूप. म्हातारी परवा पहाटे झोपेतच गेली होती. किल्ली शेजारणीकडे होती.

मोजणी संपायच्या आत कुणी गेलं, तर नाव कमी करायचं असतं. मी १ पुसला आणि शून्य काढलं. हात खाली घेतला, तोच आत खाट कुरकुरली. एकदाच, झोपेत कुणी कूस बदलावी तशी.

"उंदीर असेल…" मी म्हणाले.

शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "तुम्ही जा आता," ती हळूच म्हणाली.

मी किल्ली मागितली नाही.

२० फेब्रुवारी. ढगाळ, दुपारी बारीक सर.

शून्याची घरं दुसरा माणूस तपासतो. आमचा तपासनीस बाहेरगावचा. इथं त्याच्या ओळखीचं कुणी नाही. तो सकाळी त्या वस्तीत गेला होता. दुपारी त्यानं भरलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"बाई, चष्मा बदला. राहत्या घराला शून्य घातलंत. कुलूप कसलं, दार उघडं होतं. बिचारा आईच्या खाटेपाशी बसला होता. 'कुणी विचारायला येईल म्हणून थांबलोय' म्हणाला."

मी कागद वाचला. माणसं: एक. पुरुष. वय चोवीस. धंदा: होडी. काल इथंच झोपला: होय. खाली अंगठा होता. त्याच्याभोवतीचा कागद ओला होता.

साहेबांनी सही केली. जाळीवाल्यांच्या वस्तीचा आकडा तीनशे अकराचा तीनशे बारा झाला. माझ्या घराचा एकच राहिला.