सुंदराबाईच्या खोलीतलं खरकटं

जेवत असाल तर आधी हात धुऊन या. मग वाचा.

हे खरं घडलंय. ज्याला पटत नसेल त्याने इथेच सोडावं, आमचं काही अडलेलं नाही. पण बकुळाने हे डोळ्यांनी पाहिलंय. त्याहून वाईट म्हणजे नाकाने हुंगलंय.

जानेवारी १९५६. लालबाग. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती. गोळीबार झाला होता, गिरण्या थंड पडल्या होत्या आणि रस्त्यावर कर्फ्यू. रात्री-बेरात्रीची गोष्ट नाही हं ही. भर दुपारची आहे.

चाळीच्या तळमजल्यावर सुंदराबाईची खाणावळ होती. एक खोली, एक मोरी, दोन चुली. गिरणीतले बाप्ये पाळी सुटली की येऊन जेवायचे. ही खोली सुंदराबाईला तिच्या मावशीकडून मिळालेली, आणि त्या मावशीला तिच्या आईकडून. बाईकडून बाईकडेच जायची ती. पुरुषाने यायचं, पाटावर बसायचं, जेवायचं आणि हात धुऊन चालू लागायचं.

शेजारच्या खोलीतला म्हातारा भिवा जन्मभर बोटीवर खलाशी. जेवता जेवता तो सांगायचा, "सुंदरे, ह्यो तुझो कायदो मी सुमात्राच्या डोंगरात बघलंय. थंय घर बायलांचा, शेत बायलांचा. आवशीकडसून चेडवाक, म्हंजे लेकीक. घोव म्हणजे रातचो पावणो. आणि मामान फकत राखण करूची. विकूचा नाय!"

"शहाणी माणसं," सुंदराबाई म्हणायची. "आणि मामानेच गिळलं तर रे?"

"तां काय माका म्हायत नाय."

"मला माहीत आहे," ती म्हणायची. "माझ्या खोलीचं गिळलं ना कुणी, तर पचू देणार नाही."

सगळे हसायचे.

दिवाळीनंतर सुंदराबाई गेली. जायच्या आधी तिने आमटीचा डाव बकुळाच्या हातात दिला. बकुळा म्हणजे तिच्या बहिणीची पोर. आई लहानपणीच गेली, नवऱ्याने टाकली, मावशीनेच सांभाळली. "खोली तुझी," मावशी म्हणाली. अख्ख्या चाळीने ऐकलं.

मग आला कुशाबा. सुंदराबाईचा पाठचा भाऊ, बकुळाचा मामा. "पोरगी एकटी, राखण करायला आलोय," म्हणाला. महिन्याभरात चाळीच्या मालकाला गाठून खोली स्वतःच्या नावावर करून घेतली मेल्याने! मिरचीच्या व्यापाऱ्याला गोदामासाठी द्यायचं ठरवून पण टाकलं.

"बकुळे, तू गावाला जा. घर आहे तिकडे."

"कुणाचं घर, मामा?"

"माझं."

बहिणीच्या तेराव्याला पोटभर जेवून, ढेकर देऊन, तिच्याच भाचीला रस्त्यावर काढायचं. शी! अशा माणसाची किळस नाही येणार तर कशाची येणार?

पण बकुळाला हाकलायच्या आतच कर्फ्यू लागला. आणि दोघं एकाच खोलीत अडकली.

पहिल्या दुपारी बकुळाने आमटी-भात केला. चाळीतले चार-सहा जण जेवायला बसले. कुशाबाने पहिला घास तोंडात घातला...

आणि थुंकला.

"नासलाय हा भात! मेल्या उंदरासारखा वास येतोय. विष घालतेस काय गं?"

त्याच्या ताटात आमटीला तार सुटली होती. भात पिवळा, बुळबुळीत. भिवा शेजारीच बसला होता. त्याच्या ताटातला भात मोगऱ्यासारखा पांढरा होता.

बकुळाने मामाच्या ताटातला घास उचलला. धीर करून खाल्ला.

ताजा. गरम. चांगला.

कुशाबाने भिवाचं ताट ओढून घेतलं. त्याचं बोट भाताला लागलं मात्र... वाफ विरली. कडेने हिरवी बुरशी सरसर वर चढली. सगळ्यांच्या देखत! आणि मामाने टाकलेलं ताट भिवाने नाक धरून चाखलं, तर तोच भात गोड लागला.

मग हे रोजचंच झालं. कुशाबा शेजारणींकडे जाऊन जेवला, तिथेही ओकला. पाव खाल्ला, पावाला घाण सुटली. गाल बसले, डोळे खोल गेले. पण खोली सोडायचं नाव नाही. "कर्फ्यू उठू दे, मग बघतो तुला," एवढंच बडबडायचा.

इकडे मोरीत दुसरीच घाण साठत होती. खाणावळीचं खरकटं गवळी म्हशींसाठी न्यायचा. कर्फ्यूत गवळी कुठून येणार? बादली काठोकाठ भरली. वर फेस आला, अळ्या पडल्या, माशा घोंगावायला लागल्या. बकुळा तोंडाला पदर बांधून वावरायची.

आणि एका दुपारी ती नळावरून पाण्याची कळशी घेऊन आली. दाराशीच थबकली.

वास नव्हता.

एक माशी नव्हती.

खोलीत ताज्या आमटीचा घमघमाट सुटला होता. कोकम, खोबरं, लसणीची फोडणी. मावशीच्या हाताची आमटी. चुली तर विझलेल्या होत्या.

मग आवाज आला. रिकाम्या टोपात डाव खरवडल्याचा... खर्र... खर्र...

आणि मोरीतून... मचमच... मचमच...

कुशाबा मोरीच्या कठड्याला बसला होता. बाह्या वर केलेल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत त्या बादलीत. खात होता तो! लोकांनी चावून टाकलेले मासळीचे काटे, आंबलेला भात, सगळं ओंजळीने. मिशीत अळी वळवळत होती. आणि चेहऱ्यावर काय ती तृप्ती!

"ताई, काय आमटी झालीय गो! वाढ अजून."

बकुळाच्या हातातली कळशी सुटली. आवाज ऐकून भिवा धावत आला, त्याच्यामागे गॅलरीतले चार लोक आले. कुणाला पुढे व्हायची हिंमत होईना. एकजण तिथेच ओकला.

आणि मग सगळ्यांनी ऐकलं...

"खोली कुणाची रे, कुशा?"

कुशा त्याला एकटी सुंदराबाईच म्हणायची. आवाज कुठून आला, ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. बकुळाचं तोंड तर मिटलेलं होतं.

"बकुळाची," कुशाबा खाता खाता रडत म्हणाला. "बकुळाची गो ताई. उद्याच तिच्या नावावर करतो. चाळीच्या साक्षीने सांगतो."

डाव खरवडायचा थांबला. घमघमाट गेला आणि ती दुर्गंधी परत आली. माशा परत आल्या.

मिटलं म्हणायचं. भिवा म्हणाला, "झाला गे बकुळा. पुरे आता. बादली काढ थंयसून."

बकुळाने चुलीजवळचा डाव उचलला. मोरीपाशी गेली. कुशाबाने ओंजळ पुढे केली. "वाढ गो, ताई."

"मी ताई नाही, मामा," बकुळा म्हणाली. "मी बकुळा."

आणि तिने डाव बादलीत तळापर्यंत बुडवला. भरून काढला. आणि वाढला. त्याने तो खाऊन संपवेपर्यंत ती बघत उभी राहिली.

तेव्हा कुठलाही आवाज आला नव्हता. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

कर्फ्यू उठला. कुशाबाने शब्द पाळला आणि गावाला गेला. तिकडे पेज-भात खाऊन धडधाकट झाला. खरकटं खाल्लेलं मात्र त्याला आठवतच नव्हतं म्हणे! मेल्याला एवढी सुटका मिळाली.

खोली बकुळाची झाली. चुली पेटल्या, पंगत बसली, गिरणीवाले बोटं चाटत उठले. "बकुळाबाई, हाताला मावशीची चव हां!" सगळे गेल्यावर ती स्वतः पानावर बसली. आपल्या खोलीत, आपल्या हातचा पहिला घास. भात पांढरा, वाफाळलेला. तिने घास तोंडात घातला...

आणि मोरीकडे धावली.

त्या दिवसापासून त्या खोलीतलं तिला काही गिळता आलेलं नाही. पाणीसुद्धा नाही. लोकांना जेवू घालून ती नाक्यावर जाते आणि इराण्याच्या हॉटेलाबाहेर उभी राहून चहात ब्रून पाव बुडवून खाते. भिवाने किती समजावलं, देवाधर्माचं केलं, उतारे टाकले. काही उपयोग झाला नाही.

दुपारी पंगत उठली की ती दार लोटून घेते. रिकाम्या खोलीत उभी राहून विचारते, "मावशे, खोली माझीच ना गं?"

मावशी काही बोलत नाही.

नुसता मोरीतून त्या खरकट्याचा वास येतो.