मामा काट्यावर

मामाच्या छातीत कळा येतायत, रस्ता मोकळा आहे, आणि ॲम्ब्युलन्स मध्येच थांबलीय. का थांबली असेल? मला तर तेव्हा एवढंच कळलं, की आता कुणालातरी धुवायचं.

"गाडी का थांबवली? माणूस मरायची वाट बघताय काय?"

शमाताई, म्हणजे गाडीतच उपचार करणारी पॅरामेडिक, मामाच्या छातीवर वायरी चिकटवत होती. तिनं मान वर केली नाही. "हवं तेवढं भांड. फक्त स्ट्रेचरला हात लावू नको."

ही गाडी आपली आपण चालते. तिच्यातल्या यंत्राला सगळे गोपू म्हणतात. तो म्हणाला, "ताईंनी सांगितलं, म्हणून मी थांबलो."

मामा ट्रॅक्टरनं कारखान्याला ऊस वाहतो. सकाळपासून पित्त झालंय म्हणून सोडा पीत होता. घामानं निथळलेला बघितला आणि मी त्याला न विचारता फोन लावला. ताईनं त्याला एक पाऊल चालू दिलं नाही. खुर्चीत बसवून आणलं, एक गोळी चावायला लावली (रक्ताची गाठ वाढू नये म्हणून).

"शाळा सोडली, पण पोरीनं भांडण काय सोडलं नाही," मामा कण्हत म्हणाला.

ताईनं पडदा माझ्याकडे फिरवला. "ही चालत्या गाडीतली रेघ."

नुसती काटेरी तार.

"प्रत्येक ठोक्याआधी हृदयातून बारीकशी वीज फिरते. ती वायरींनी पकडून रेघ काढतात, तो ईसीजी (हृदयातल्या विजेचा आलेख). पण खड्ड्यांनी वायरी हलतात, अंगातले स्नायू थरथरतात, ते सगळं रेघेत घुसतं. मग हृदयाचं कुठलं आणि खड्ड्याचं कुठलं?"

मग डोक्यात आलं. "वजनकाट्यावर ट्रॉली हलत असली की आकडा नाचत राहतो. तसंच ना?"

"तसंच," मामाच म्हणाला.

"बोलू नका. हलू नका," ताई म्हणाली.

सगळे गप्प. रेघ स्वच्छ उमटली. ताईनं बोट ठेवलं. "इथं दर ठोक्याला वर उचललीय. हृदयाला रक्त देणारी नळी तुंबलीय. जवळच्या दवाखान्यात ती उघडायची सोय नाही. गोपू, थेट शहरात चल."

न थांबता निघालो असतो, तर त्या जवळच्याच दवाखान्यात शिरलो असतो आणि तिथून परत बाहेर पडलो असतो.

गोपूनं पाठवलेली रेघ आमच्या आधी शहरातल्या दवाखान्यात पोचली होती. डॉक्टर हातमोजे घालून तयार होते. मामाला थेट आत नेलं. नळी उघडली, असं सांगायला ते बाहेर आले, तेव्हा मी तिथंच जमिनीवर बसले. भांडायलासुद्धा कुणी नको होतं.

ताईला शोधायला गाडीपाशी गेले, तर गोपूच बोलला. "खड्ड्याचे हादरे ओळखून रेघेतून वजा करायला शिकतोय मी."

"मग थांबायला लागणार नाही?"

"नाही. पण अजून नीट जमत नाही."

"मग तोवर थांबत जा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नर्स परत वायरी लावायला आली. मामा लगेच उठून ट्रॅक्टर कुणी घरी नेला ते विचारायला लागला.

"गप पड," मी म्हटलं. "काट्यावर आहेस."

मामा हसला, आणि गप पडला.