पायथ्याशी बसलेला वास

ही घटना खरी आहे. ज्यांच्या बाबतीत घडली ते सिद्धनाथआजोबा आमच्याच घरातले, पेशानं डॉक्टर. उगाच तोंडाला येईल ते बोलणारा माणूस नव्हे.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही... भर दुपारची आहे.

१९३३ सालचा मे महिना. सोलापुरात आठ खाटांचा एक धर्मादाय दवाखाना होता. सिद्धनाथ तेव्हा डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला. सुट्टीत तो तिथल्या डॉक्टर शिवयोगींच्या हाताखाली शिकत होता. मेंदूच्या आजारांवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक कायम काखेत.

कोपऱ्यातल्या खाटेवर चिमाबाई होती. मोहोळकडची, चाळिशीची विधवा. तिला फेफरं यायचं.

आणि प्रत्येक फेफऱ्याआधी... वास यायचा.

"कसला वास, मावशी?"

"कुजल्याला. पार घशात उतरतोय बगा."

सिद्धनाथ मनातून खूश झाला. पुस्तकात अगदी हेच होतं. मेंदूच्या एका भागात बिघाड झाला की रोग्याला नसलेला घाण वास येतो, आणि मागोमाग झटका. त्यानं तिच्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारून पाहिली. डोळे मिटायला लावून लवंग हुंगवली, हिंग हुंगवला. तिनं दोन्ही बरोबर ओळखले.

"हा वास बाहेर कुठं नाही, मावशी. तुमच्या मेंदूत आहे."

चिमाबाईनं खाटेच्या पायथ्याकडं बोट दाखवलं.

"मेंदूत न्हाय, बाबा. हितं पायथ्याला बसत्यात. आमचं मालक."

मग तिनं सांगितलं. नवरा विहिरीत पडला होता. आठव्या दिवशी वर आला.

"लई फुगलं हुतं. हात धरला की कातडं सुटून यायचं. म्या नाकाला पदर लावला आन् तोंड फिरवलं. शेवटचं बगितलं बी न्हाय."

सिद्धनाथनं वहीत लिहिलं : भास.

दोन दिवसांनी, मंगळवारी, दुपारचे अडीच वाजले होते. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. वॉर्डात सगळे पेंगलेले.

"आलं..." चिमाबाई म्हणाली.

झटक्याची वेळ टिपायला सिद्धनाथ वही घेऊन खाटेजवळ गेला.

तेव्हा त्याला माश्या दिसल्या.

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं गळू फुटून वाहत होतं. त्यावर एकही माशी नव्हती. सगळ्या माश्या चिमाबाईच्या पायथ्याशी...

पण चादरीवर नाहीत. चादरीच्या वीतभर वर. कशावर तरी बसल्यासारख्या.

मेंदूतला वास माश्यांना कसा येईल?

आणि मग तो वास त्यालाही आला.

गोडसर. शेवाळलेला. जिभेवर साय धरावी तसा चिकटणारा. माश्या हाकलायला त्यानं उजवा हात पुढं केला.

बोटं रुतली.

गार... लिबलिबीत. उकडलेल्या बटाट्याचं साल सुटावं तसं काहीतरी त्याच्या बोटांखाली सरकलं.

त्यानं हात झटकन ओढला, आणि तिथंच भडाभडा ओकला.

वॉर्डातली आया, अंबुबाई, धावत आली. दारातच थांबून तिनं पदर नाकाला लावला.

"कोन मेलंय का काय हितं?"

चिमाबाई उठून बसली होती. तिनं नाक झाकलं नव्हतं. ती सरकत सरकत पायथ्याकडं गेली. दोन्ही हात पुढं केले, एखाद्याचं तोंड ओंजळीत घ्यावं तसे.

"आता न्हाय फिरवत तोंड," ती हळूच म्हणाली.

मग झटका आला. तो थांबलाच नाही. डॉक्टर शिवयोगी येईपर्यंत ती गेली होती.

तिला उचललं तेव्हा गादीचा पायथा ओलाचिंब होता. काळपट हिरवं पाणी खाली ठिबकत होतं.

डॉक्टर म्हणाले, "कागदावर फेफरं लिही. गादी जाळायला सांग."

त्यानंतर त्या वॉर्डात तो वास कुणाला आला नाही.

सिद्धनाथ मोरीवर हात धुवायला गेला. नखांत पांढरं, मऊ काहीतरी अडकलं होतं. त्यानं कार्बोलिक साबणानं हात घासला. कातडी सोलवटली तरी घासत राहिला.

पुढं आजोबांनी मोडनिंबला चाळीस वर्षं दवाखाना चालवला. जेवायचे मात्र डाव्या हातानं. पंगतीत लोक नाकं मुरडायचे, आजीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा तिनं फारच खोदून विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाले...

"उजव्याला वास येतो गं."

पुस्तकाप्रमाणं वासामागून झटका यायला हवा. आजोबा त्याची वाट बघायचे. एकदा येऊ दे, म्हणजे आपल्याला आजार आहे एवढं तरी ठरेल, असं आजीला म्हणायचे.

वास रोज यायचा.

झटका शेवटपर्यंत आला नाही.