गच्चीवरचा सेकंद

"हे कोणी केलं?"

शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी तमिळमध्ये ओरडलं आणि वेंकटलक्ष्मीच्या हातातली वडामच्या, म्हणजे तांदळाच्या पापड्यांच्या, पिठाची पळी तशीच थांबली.

पंचाण्णव सालचा वैशाख. कुंभकोणमला सारंगपाणीच्या देवळामागे घरं इतकी खेटून होती, की दोन गच्च्यांमध्ये गुडघाभर उंचीचा कठडा तेवढा. पलीकडे एक उंच, घामाघूम तरुण तिचीच पितळी परात हातात धरून उभा.

"मी केलं," ती म्हणाली. "त्या पांढऱ्या डबीवर कावळे चोच मारत होते. वाचवली मी. आभार माना."

"आभार!" त्यानं कपाळावर हात मारला आणि पुटपुटला, तेही चक्क मराठीत, "रोज दुपारी उपग्रह जातात कुठं म्हणून मी सगळे सांधे उकलून पुन्हा जोडले... आणि ही बाई वर परात झाकत्ये!"

वेंकूला हसू फुटलं. "अय्यो! तुम्ही आपल्यातले, तंजावरी मराठी? मग शिव्या तरी मोठ्यानं द्या."

तो त्रिविक्रम. जवळच्याच तिरुवलंचुळी गावचा, कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी, शेजारच्या घरात नुकतीच भाड्यानं घेतलेली खोली. ती डबी म्हणजे अँटेना. नागपट्टणमला बोटींवरची जुनी दिशादर्शक यंत्रं भंगारात निघत. ती आणून हा गृहस्थ त्यांची घड्याळं करी.

"बोटीच्या यंत्राचं घड्याळ?"

"उपग्रहांवर फार अचूक घड्याळं असतात. त्यांच्या वेळेवरून यंत्र आपली जागा काढतं. पण ह्याला अजून वाटतं आपण समुद्रातच आहोत. सारखं आपलं... मी कुठं, मी कुठं. त्याला पटवायचं, बाबा रे, तू आता हलत नाहीस. जागा एकदा ठरली, की ते नुसता सेकंद देतं. नेमका. त्याच्या ठेक्यावर मी माझं क्वार्ट्झचं घड्याळ लावतो."

"एवढा नेमका सेकंद हवा कशाला?"

त्यानं बराच विचार केला. "...हवा म्हणून."

हे उत्तर वेंकूला फार आवडलं.

मग तिचा पाय घरात ठरेना. वडाम सुकले का बघायला वर, मिरच्या हलवायला वर. तो जोडांना डाग देई, ती तार धरून बसे. डागाच्या राळेच्या धुराचा वास तिच्या केसांत राही. क्वार्ट्झच्या स्फटिकाला वारा लागू नये म्हणून त्यानं थर्मोकोलची पेटी केली, तर ती म्हणाली, "दृष्टही काढून टाका त्याची." तो हसला. तार देताना बोटं लागली, आणि दोघांनाही एकदम आकाशात काहीतरी बघायचं सुचलं.

गुरुवारी संध्याकाळी ती वर आली ती धुमसतच. "उद्या चार वाजता मद्रासचे लोक मला बघायला येताहेत. नानांना मुलगा पसंत आहे. उद्याच शब्द देतील."

त्याच्या हातातली डागणी धुरावत राहिली. "उद्या? पण... स्फटिक अजून स्थिर नाही झाला. आणखी आठवडाभर मिळाला असता, तर मी सगळं नीट—"

"मी स्फटिकाचं विचारलं?"

"नाही."

"मग?"

त्यानं डागणी पुन्हा तारेला लावली. ती तरातरा जिना उतरून गेली.

सकाळी त्रिविक्रम दारात उभा राहिला. ओले केस, कमरेला धोतरासारखी कडक वेष्टी. वेंकूचे वडील नाना, म्हणजे व्यासराज राव, झोपाळ्यावर होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शुक्रवार, साडेदहा नुकतेच वाजलेले.

"राहुकाळ लागला. शुभ बोलायचं असेल तर बारानंतर या. अशुभ असेल तर येऊच नका."

"नाही लागला, मामा." वडीलधाऱ्याला तिकडं मामाच म्हणत. "राहुकाळ सूर्योदयावरून धरायचा. आपल्या गावचा सूर्योदय घेतला, तर अजून सहा मिनिटं आहेत."

नाना झोपाळा थांबवून पुढं सरकले. पंचांग म्हणजे त्यांचा जीव. "ते कसं काय?"

आणि तो शहाणा समजावत बसला! देशाची वेळ, गावची वेळ, दिवसाचे आठ भाग... नाना शंका काढत, हा खोडून काढी. दोघं रंगात आले. आत पाहुण्यांच्या सोज्जीसाठी, म्हणजे शिऱ्यासाठी, रवा भाजणाऱ्या अम्मानं कपाळाला हात लावला. वेंकूनं पदराचं टोक पिळून पिळून दोरी केली. आत्ता बोलेल... आत्ता...

"नाना!" ती शेवटी बाहेरच आली. "ह्यांना माझा हात मागायचाय. ह्यांच्यानं बोलवत नाही. माझं हो आहे."

नाना झोपाळ्यावर मागे रेलले.

त्रिविक्रमनं मनगटाकडे पाहिलं. "राहुकाळ आत्ता लागला, मामा."

"तिचं बोलणं झाल्यावर?"

"झाल्यावर."

"हं. राहुकाळात मी होकार देत नसतो."

"मग नकार द्या," वेंकू म्हणाली.

"तोही देत नसतो. बसा."

सगळे बसले. कॉफी आली, निवून गेली. वेंकूला वाटलं, ह्या घड्याळवाल्याला आपण परातीखालीच ठेवायला हवं होतं.

"गोत्र?" नानांनी मध्येच विचारलं.

"काश्यप."

म्हणजे सगोत्र नव्हता. नानांनी झोपाळ्याला जरा मोठा झोका दिला. आत अम्मानं रव्याची कढई उतरवून चूल बंद केली.

"संपला की सांगा," नाना म्हणाले. "तुमच्या घड्याळानं. मद्रासला फोन करायचाय... येऊ नका म्हणून."

त्रिविक्रमनं मान डोलावली. पण राहुकाळ संपल्याचं शेवटी अम्मालाच आतून ओरडून सांगावं लागलं. तो घड्याळाकडे बघतच नव्हता.