चौथं कडवं

त्या वर्षी नाशकात लग्न असो, बारसं असो, नाहीतर गणपती, गाणं एकच. ‘ऐक ना गं, लेकी ऐक ना, दिवा लावला काठाशी.’ सिनेमातली आई पुरात वाहून गेलेल्या मुलीला नदीकाठावरून हाका मारते, त्याचं हे गाणं. तीन कडवी, तिन्हीत नुसत्या हाका. उत्तर नाहीच. इतकं रडकं गाणं बँडवाले वरातीत वाजवायचे आणि वऱ्हाडी त्यावर नाचायचे. आपल्या लोकांना ठेका मिळाला की पुरे.

तो सिनेमा आमच्या थिएटरला लागला तेव्हा, म्हणजे शहाण्णव साली, मी तिथे बायकांच्या खिडकीवर तिकिटं विकायचे. इंदिरानगरहून सिटी बसने यायचे, मोहिनीला घेऊनच. पाच वर्षांची पोर. दीड वर्षाची असताना ताप डोक्यात गेला आणि कान गेले, त्यामुळे बोलणं आलंच नाही. डॉक्टर म्हणाले होते, आशा धरू नका. मी धरून होते. दुसरं काही धरायला नव्हतं म्हणून म्हणा.

खिडकी बंद झाली की आम्ही मायलेकी शेवटच्या रांगेत बसायचो. गाणं संपलं की पब्लिक ‘वन्स मोअर’ ओरडायचं, पडद्यावर चिल्लर उधळायचं. मग ऑपरेटर वाल्मीकभाऊ शिव्या देत रीळ मागे गुंडाळायचे आणि गाणं पुन्हा लावायचे. नाही लावलं तर खुर्च्या मोडतात, हा त्यांचा अनुभव.

एका सोमवारी तीनच्या शोला ऐन वन्स मोअरमध्ये मशीनमधला आवाजाचा बल्ब गेला. पडद्यावर बाई तोंड उघडतेय, मिटतेय, आणि आवाज गुल.

“ए वाल्मीक, झोपला का रं?”

“आवाज काय बायकोनं माहेरी नेला का?”

मी हसत मोहिनीकडे बघितलं. ती मांडीवर ठेका धरत होती. चुकतमाकत नाही, बरोब्बर. पडद्यावरच्या बाईने तोंड मिटलं, गाणं संपलं, पुढचा सीन सुरू झाला. मोहिनीचा हात मात्र थांबला नाही. अजून एक कडवं होईल एवढा वेळ तो चालला, मग मांडीवर स्वस्थ पडला.

वाल्मीकभाऊंना सांगितलं तर म्हणाले, “ताई, बाईचे ओठ बघून करत असंल. पोरं लय हुशार असतात.”

“आणि बाई गेल्यावर कोणाचे ओठ बघत होती?”

ते बिडी विझवून म्हणाले, “उद्या सकाळी आणा तिला.”

सकाळी रिकाम्या थिएटरात शेंगांच्या टरफलांचा आणि ओल्या पोत्याचा वास होता. मोहिनीला पहिल्या रांगेत बसवलं आणि मी जेवणाचा डबा हातात घेऊन तिच्यामागे उभी राहिले. वाल्मीकभाऊंनी आधी आवाज पूर्ण सोडून गाणं लावलं. माझ्या पायाखालची फरशी थरथरली. पोर दगडासारखी बसून.

मग त्यांनी आवाज बंद करून तेच रीळ पुन्हा लावलं.

मोहिनी डोलायला लागली. आणि तिने तोंड उघडलं.

आवाज खरखरीत होता, पहिल्यांदाच वापरात आल्यासारखा. पण शब्द पुरते होते. ज्या मुलीने कधी ‘आई’ म्हटलं नव्हतं, ती ‘लेकी ऐक ना’ म्हणत होती. एक कडवं. दुसरं. तिसरं. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली.

सिनेमातलं गाणं संपलं. पडदा पांढरा झाला. वरून मशीन बंद केल्याचा खटका आला.

मोहिनी पुढे गातच होती.

‘ऐकलं गं, आई ऐकलं गं, पाणी आता ओसरलं.’

मला पुढचं नीट आठवत नाही. पाणी किती गार होतं, असं काहीतरी त्यात होतं. दिवा कुठून दिसला, असंही.

वाल्मीकभाऊ जिना उतरून दारात उभे होते.

“हे सिनेमात नाय, ताई.”

“कॅसेटमध्ये असेल.”

“कुठंच नाय.”

माझ्या हातून डबा निसटला. फरशीवर दणका झाला.

मोहिनी दचकली. गाणं तोडून तिने वळून आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

डॉक्टरांनी मशीन लावून दोनदा कान तपासले. म्हणाले, कधीकधी होतं असं. मी म्हटलं, होऊ दे. नवस कुठला बोललेच नव्हते, म्हणून थिएटरात सगळ्यांना पेढे वाटले.

त्याला आता अकरा वर्षं झाली. थिएटर पडलं, तिथे दुकानं झाली. मोहिनी कॉलेजात जाते, भांडते, फोनवर तासन्‌तास बोलते. ऐकताना माझे कान किटतात आणि जीव निवतो. एवढंच, की तिला हाक मारायला मी तोंड उघडते, त्याआधीच आतून तिची ‘ओ’ येते. सवय झाली आहे मला.

परवा भरदुपारी ती “ओ, आले!” म्हणत खोलीतून धावत बाहेर आली, ती थेट फाटकापर्यंत गेली. मी स्वयंपाकघरात मुकाट्याने मेथी निवडत होते. हाक मारायचं माझ्या मनातही नव्हतं.

ती फाटकाशी थांबली. रस्त्यावर कोणीच नव्हतं. मग वळून तिने विचारलं, “आई, तूच ना?”

मी म्हटलं, “हो गं, मीच. ये आत.”